डाव्या हाताचं अक्षर

धारला आम्ही पिठाच्या गिरणीच्या वर राहायचो. खाली गिरणी, वर दोन खोल्या आणि पत्र्याची ओसरी. सकाळी गिरणीचा पट्टा फिरायला लागला की आमच्या पायाखालची फरशी थरथरायची, मांडणीवरची भांडी एकमेकांना लागून किणकिणायची आणि आई जरा मोठ्याने बोलायला लागायची. वीज गेली की सगळं एकदम थांबायचं. आई मात्र पुढची दोन-तीन वाक्यं त्याच वरच्या आवाजात बोलून जायची आणि मग स्वतःशीच हसायची. घरातल्या सगळ्या वस्तूंवर पिठाचा पातळ थर असे. सकाळी पोहे, वर शेव आणि चिमूटभर जिरावन मसाला, पण बशी पदराने पुसून घेतल्याशिवाय आई ते वाढत नसे. त्या पिठाच्या थरात बोटाने अक्षरं काढायची मला सवय होती. ट्रंकेवर, खिडकीच्या चौकटीवर, नानांच्या छत्रीच्या मुठीवर. बोट डाव्या हाताचं असे. मला ते माहीतही नव्हतं. हातांत डावा-उजवा असा भेद असतो हे मला शिकवावं लागलं, आणि ज्यांनी शिकवलं त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. हे प्रकरण त्या रागाचं आहे. बालपणाच्या गोड आठवणी म्हणून कुणी वाचायला बसू नये.

आमच्या घराण्यात अक्षराचा फार तोरा होता. पणजोबा दक्षिणेतून इकडे आले ते संस्थानच्या दप्तरात लिहिणारे म्हणून. ते बोरूने मोडी लिहीत आणि ओळ संपेपर्यंत कागदावरून हात उचलत नसत म्हणे. आजोबांच्या वेळी टाक आला, मोडी मागे पडली, बाळबोध आली. पुढे संस्थानही गेलं. माझे वडील, म्हणजे नाना, कोर्टाच्या नकला करून देणाऱ्या विभागात कारकून होते. जमीन नव्हती, घर भाड्याचं होतं. राहिलं होतं ते अक्षर. कुणी पाहुणा आला की नाना पणजोबांच्या हातचं एक पान ट्रंकेतून काढून दाखवत. पाहुण्याला मोडी येत नसे, नानांनाही येत नव्हती, आणि दोघं माना हलवत ते पान बघत बसत.

या अक्षराची खरी वारस होती आत्या. नानांची थोरली बहीण. तिचं लग्न झालं नव्हतं आणि का झालं नव्हतं हे घरात कुणी बोलत नसे. ती आमच्यातच राहायची आणि मुलींच्या शाळेच्या मराठी तुकडीत तिसरी ते पाचवीला शिकवायची. तिने फळ्यावर लिहिलेला सुविचार पुसायला दुसऱ्या बाई कचरायच्या, आठवडा आठवडा तो तसाच राहायचा. रविवारी ओसरीत बसून ती शाईच्या वड्या कोमट पाण्यात विरघळवायची आणि शाळेसाठी बाटल्या भरायची. मी बुचं लावायला बसायचे. तो शाईचा ओला, लोखंडासारखा वास मला आवडायचा, हे कबूल केलं पाहिजे. घरी ती आत्या आणि तिला मी 'तू' म्हणायचे. शाळेच्या फाटकातून आत गेलं की ती बाई आणि 'तुम्ही'.

पहिली-दुसरीला पाटी होती. दगडी, लाकडी चौकटीची, कोपऱ्याच्या भोकात सुतळीने बांधलेला ओला बोळा. आम्ही तिला पाटी म्हणायचो, शेजारच्या हिंदी वर्गातल्या मुली सिलेट म्हणायच्या आणि पेन्सिलीला पेम. पेम खायच्या सगळ्याच, त्यात मराठी-हिंदी काही नव्हतं. पहिलीच्या बाई म्हाताऱ्या होत्या. अक्षर दिसलं की त्यांना पुरे. कोणत्या हातातून आलं ते त्या बघत नसत. पाटीलाही हाताचं काही देणंघेणं नव्हतं. थोडं पुसलं गेलं तर परत काढायचं, चुकलं तर बोळा फिरवायचा. मी वर्गात पहिली यायचे. घरी जेवताना मात्र आत्या मला डावा हात मांडीखाली घेऊन बसायला लावायची, म्हणजे तो ताटाकडे जायला नको. आमटीभात संपेपर्यंत हाताला मुंग्या यायच्या.

तिसरीत टाक आला. लाकडी दांडी, पुढे खोचलेली निब, बाकाच्या भोकात बसवलेली दौत. ज्यांनी टाकाने कधी लिहिलेलं नाही त्यांना सांगायला हवं. आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा हात ओल्या अक्षरांच्या पुढे चालतो. डाव्या हाताने लिहिणाऱ्याचा त्यांच्यावरून. मी एक ओळ लिहायचे आणि तीच ओळ करंगळीखालच्या मांसाने पुसत पुढे जायचे. शिवाय निब ओढत न्यायची असते. डावा हात तिला ढकलतो, मग ती कागदात रुतते आणि शिंतोडे उडवते. मी टीपकागद हाताखाली धरून पाहिला, वही आडवी करून पाहिली. पहिल्याच आठवड्यात आत्याने मला वर्गात उभं केलं. हात करंगळीपासून मनगटापर्यंत निळा.

"हा हात कुणाचा?" तिने विचारलं.

"माझा, बाई."

"माणसाचा वाटत नाही."

वर्ग हसला. मग तिने माझ्या डाव्या वेणीची लाल रिबीन सोडली, माझा डावा हात पाठीमागे नेला आणि बाकाच्या पाठीला बांधून टाकला. घट्ट नाही. नीट, बो काढून, जशी वेणीला बांधतात तशी. उजव्या हातात टाक दिला आणि कित्त्याचं पहिलं पान उघडलं.

हे दोन वर्षं चाललं. सकाळी पहिल्या तासाला बांधायची, मधल्या सुट्टीत सोडायची, सुट्टी संपली की परत. बाकीच्या मुलींना रुळाचे फटके मिळत, मला एकदाही नाही. "मी निमूवर कधी हात उगारला नाही," असं ती पुढे आयुष्यभर सांगत आली आणि ते खरं होतं. मी घरी यायचे ती एक वेणी सुटलेली. पहिल्या दिवशी आईने विचारलं, मी सांगितलं, आईने नानांना सांगितलं. नाना म्हणाले, "ताई करते ते तिच्या भल्याचंच ना? उद्या सासरी हळदीकुंकू कोणत्या हाताने लावणार आहे ही?" त्यानंतर आईने विचारणं सोडलं. मी दारात आले की ती फणी घेऊन बसायची आणि वेणी घालायची. इतकी घट्ट घालायची की कपाळ ताणलं जायचं.

आता मोबाइलवर चित्रं येतात. पाटी, पेम, दौत, टाक, खाली लिहिलेलं असतं की किती सुंदर दिवस होते ते. माझ्या शाळेतल्या मैत्रिणी त्यावर हात जोडलेले पाठवतात. मी काही पाठवत नाही. टाक वाईट होता असं माझं म्हणणं नाही. तो उजव्या हातासाठी केलेला होता, एवढंच. पण समोर हात दिसत असताना हत्यार बदलायचं सोडून ज्यांनी हात बदलायला घेतला, त्यांना काय म्हणायचं? त्या काळी शिसपेन्सिल काय नव्हती? दोन वर्षं मला शिसपेन्सिलीने लिहू दिलं असतं तर कुणाचं काय बुडणार होतं? माझी नात टॅबलेटवर लिहिते. त्या काचेवर अख्खा पंजा टेकला तरी डाग उमटत नाही. मी तिला म्हटलं, हे फार मोठं काम झालं बघ. ती म्हणाली, "आजी, काय मोठं?" तिला त्याचं काही वाटत नाही, आणि वाटू नये हेच बरं.

उजव्या हाताने मला येत नव्हतं असं नाही, पण वेळ लागायचा. उत्तर डोक्यात तयार आणि हात मागून रांगत यायचा. चौथीत माझे पेपर अर्धे राहायला लागले. पहिली येणारी मी बाविसावी आले. नानांनी निकाल बघितला आणि म्हणाले, "मुली मोठ्या झाल्या की लक्ष उडतंच." मी नऊ वर्षांची होते.

त्या सुट्टीत आई मला आणि कडेवरच्या सुधीरला घेऊन माहेरी देवासला गेली. सुधीर माझा धाकटा भाऊ. देवासला वसंतमामा होता. तो सोनकच्छच्या बसस्टँडवर पार्सलच्या खिडकीत काम करायचा आणि रोज सकाळच्या बसने जाऊन संध्याकाळी परत यायचा. एक दिवस त्याने मला बरोबर नेलं. त्याच्या टेबलावर पावत्यांची पुस्तकं होती, प्रत्येक पावतीखाली दोन कार्बन. तीन प्रती निघायच्या तर जोर द्यावा लागतो आणि टाकाची निब जोर दिला की फाकते, म्हणून ऑफिसने त्याला डॉट पेन दिलं होतं. मी ते पहिल्यांदा बघत होते. मामा गाडीवरची पोती उतरवून घ्यायला बाहेर गेला तसं मी एका रद्द पावतीच्या पाठीवर लिहायला लागले. भिंतीवरच्या वेळापत्रकातली गावं, वरपासून खालपर्यंत. डाव्या हाताने. तीन-चार ओळी झाल्यावर सवयीने हात उचलून पाहिला. करंगळी कोरडी होती. कागदावरची अक्षरं जिथल्या तिथे होती. मला रडू आलं, आणि मग मी दुसरी पावती घेतली, तिसरी घेतली.

मामा परत आला. कागद उचलून त्याने लांब धरला.

"कुणी लिहिलं हे?"

"मी."

"कोणत्या हाताने?"

मी हात पाठीमागे लपवला.

"अगं, भितेस काय? अक्षर झकास आहे." आणि खिडकीबाहेर उभ्या असलेल्या हमालाला त्याने तो कागद दाखवला. "देखो भिया, म्हारी भानजी ने लिख्यो."

हमाल म्हणाला, "डाबे हाथ से? वाह, छोरी." त्याला वाचता येत नव्हतं, तरी त्याने तो कागद बराच वेळ बघितला. मामाने जाताना ते पेन मला दिलं. त्या संध्याकाळी आईने त्या पावत्या दिव्याखाली धरून वाचल्या आणि घडी घालून आपल्या पिशवीत ठेवल्या.

पाचवीची परीक्षा मोठी असायची. पेपर दुसऱ्या शाळेतले शिक्षक तपासत. आमच्या शाळेत डॉट पेनला बंदी होती. त्याने वळण बिघडतं, असं सगळ्या बाई सांगायच्या. मराठीच्या पेपराला आमच्या खोलीत देखरेखीला आत्याच होती. पहिले दोन प्रश्न मी टाकाने, उजव्या हाताने सोडवले. चार पानं झाली आणि अर्ध्याहून जास्त वेळ गेला. पुढे निबंध होता, पत्र होतं, कवितेचा अर्थ होता, आणि मला सगळं येत होतं. मी फ्रॉकच्या खिशातून डॉट पेन काढलं आणि डाव्या हातात घेतलं. त्यानंतर मी वर बघितलं नाही. पाच पानं लिहिली. तशी पाच पानं मी त्याआधी कधी लिहिली नव्हती, आणि खरं सांगायचं तर नंतरही नाही. आत्या दोनदा माझ्या बाकापाशी येऊन उभी राहिली. तिच्या पातळाची किनार मला दिसत होती. दोन्ही वेळा ती तशीच पुढे गेली. मला वाटलं, तिने सोडून दिलं. मी इतकी खुळी, की त्या क्षणी मला तिच्याबद्दल माया वाटली.

पंधरा दिवसांनी नानांना शाळेत बोलावलं. त्यांनी मलाही बरोबर नेलं. मुख्याध्यापिकेला सगळे बडी बहनजी म्हणायचे. त्या हिंदी बोलणाऱ्या, जाड्या, शांत बाई होत्या. टेबलावर माझी उत्तरपत्रिका होती. तपासणाऱ्याने वर लाल शाईत शेरा मारला होता की यात दोन शाया आणि दोन माणसांची अक्षरं आहेत. नाना टोपी हातात घेऊन दाराशी उभे होते. आत्या खुर्चीत बसली होती. बडी बहनजीने पानं तिच्यापुढे केली.

"बहनजी, कमरे में आप थीं. ये लिखावट आपकी भतीजी की है?"

आत्याने चष्मा लावला. पहिली पानं बघितली. "हां, ये इसकी है."

"और ये?"

तिने पुढची पाचही पानं उलटली. सावकाश. प्रत्येक पान पूर्ण बघितलं, जशी ती वह्या तपासताना बघायची. मग चष्मा काढला आणि म्हणाली, "ये मैं नहीं पहचानती."

"मी लिहिलंय ते," मी म्हटलं. "डाव्या हाताने लिहिलंय. आत्याने बघितलंय."

बडी बहनजीने माझ्याकडे बघितलं. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी खडू माझ्यापुढे धरला, मागे भिंतीवर छोटा फळा होता. "लिख के दिखा, बेटा. इसमें से कुछ भी."

मी खडू डाव्या हातात घेतला आणि फळ्यापाशी गेले. हात वर केला. इतकं सोपं होतं ते. एक ओळ लिहायची आणि सगळं संपणार होतं.

"निमू," मागून नाना म्हणाले, "उजव्या हाताने."

हळू म्हणाले. ते ओरडले असते तर मी कदाचित ऐकलं नसतं. ते विनवत होते. मी मागे वळून पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, आत्याकडे बघत होते. मी खडू या हातातून त्या हातात घेतला आणि लिहिलं. ते अक्षर पहिल्या चार पानांशी जुळलं. पुढच्या पाच पानांशी जुळलं नाही. बडी बहनजीने सुस्कारा सोडला आणि कागदावर सही केली. पेपर रद्द झाला, मी नापास. शाळेच्या भाषेत त्याला नकल म्हणायचे. कोर्टाच्या नकला करणाऱ्या माणसाची मुलगी नकल करताना सापडली, हा विनोद नानांच्या ऑफिसात बरेच दिवस चालला असं मला मागाहून कळलं. एक साधा प्रश्न मात्र त्या खोलीत कुणी विचारला नाही. चाळीस मुली, बंद दार, देखरेखीला सख्खी आत्या. मग ती पाच पानं लिहून कोण गेलं? मी नाही तर कोण? तो प्रश्न विचारला की उत्तर द्यावं लागलं असतं. तिघं मोठी माणसं होती, तिघांनाही उत्तर नको होतं. आणि मी हात बदलला. माझा राग मोजायचा झाला तर त्यातला एक हिस्सा माझाही आहे. मी दहा वर्षांची होते हे मला माहीत आहे. तरी आहे.

घरी आई कुरडयांचा चीक घोटत होती. नानांनी उभ्याउभ्याच सांगितलं. आईने चुलीतली लाकडं पुढे ओढून विझवली, कोपरापर्यंत हात धुतले आणि आत्यासमोर येऊन उभी राहिली. खाली गिरणी चालू होती म्हणून ती मोठ्याने बोलत होती. एरवी आवाज नेहमीचाच होता.

"वन्सं, तुम्ही तिथे होतात. कुणी लिहिलं ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंत."

"सुमन, शाळेतल्या गोष्टींत तू पडू नकोस."

"बरं. मग घरातली सांगते. निमू आता देवासला शिकेल. मी तिला घेऊन जाते आहे. परत कधी यायचं ते मी ठरवीन."

नाना म्हणाले, "अगं, लोक काय म्हणतील?"

"तुम्ही म्हणालात तेवढं पुरे झालं," आई म्हणाली. चीक तसाच पातेल्यात राहिला. आम्ही दुपारच्या बसने निघालो, सुधीर कडेवर, मी ट्रंकेवर बसलेली. नाना न्यायला दोनदा देवासला आले आणि दोनदा एकटे परत गेले. आई धारला गेली ती दिवाळीला, तीही मला मामाकडे ठेवून.

मामाच्या घराजवळ मराठी शाळा नव्हती. मी हिंदी शाळेत परत पाचवीला बसले आणि पुढे सगळं शिक्षण हिंदीतच झालं. हे लिहितानासुद्धा मी ऱ्हस्व-दीर्घ दोनदा बघते आणि एखाद्या मराठी शब्दासाठी पाच-पाच मिनिटं अडून बसते. तेही त्याच दुपारच्या नावावर मांडलं पाहिजे. देवासच्या शाळेत माझा हात कुणी बांधला नाही. तिथल्या गुरुजींना कशाचंच काही नव्हतं, डॉट पेनही चालायचं. तरी मी उजव्या हातानेच लिहिलं. जे अक्षर माझं म्हणून कुणी ओळखलं नाही, ते परत बाहेर काढायची मला लाज वाटायला लागली होती. उजवा हात मी इतका गिरवला की तो सुरेख झाला. शाळेचे दाखले, सत्काराची मानपत्रं, लग्नाच्या पत्रिकांवरचे पत्ते सगळे माझ्याकडून लिहून घेऊ लागले. धारहून कुणी आलं की म्हणायचं, "शेवटी आत्याचं वळण!"

पुढे मी देवासलाच शिक्षिका झाले आणि तीसहून जास्त वर्षं शिकवलं. लाकडी फळा, मग सिमेंटचा, मग हिरवी काच, मग पांढरा फळा आणि मार्कर. दर वर्षी वर्गात एखाद-दोन डावऱ्या मुली असत. मार्करचं लिहिलेलं त्यांच्या मनगटाने पुसलं जायचं, मी म्हणायचे, जाऊ दे, परत लिही. एकदा एका मुलीची आई आली आणि अगदी साधेपणाने म्हणाली, "मॅडम, इसका उल्टा हाथ छुड़वा दो." मी तिच्यावर इतकी ओरडले की शेजारच्या वर्गातले सर धावत आले. त्या बिचारीची काय चूक? तो ओरडा दुसऱ्याच कुणासाठी होता. डाव्या हाताने मी अजून लिहू शकते. कधीतरी दार लावून लिहून बघते. उजव्या हाताचं अक्षर माझ्याबरोबर म्हातारं झालं. डाव्याचं अजून दहा वर्षांच्या मुलीचं आहे.

गेल्या वर्षी त्या धारच्या शाळेने मला बोलावलं. स्मार्ट बोर्डाचं उद्घाटन होतं आणि त्यानिमित्त लेखनाच्या साधनांचं प्रदर्शन. लांब टेबलांवर धूळपाटी, बोरू, दौत, टाक, शाईची झरणी, डॉट पेन, मार्कर आणि शेवटी टॅबलेट ओळीने मांडलेले, प्रत्येकापुढे मुलींनी लिहिलेली चिठ्ठी. आत्या प्रमुख पाहुणी. नव्वदीला टेकलेली, चाकांच्या खुर्चीत, पण पाठ ताठ. शेवटची वर्षं ती सुधीरकडे होती, त्यानेच आणलं होतं. माझ्या हातात बोरू देऊन दोन ओळी लिहायला सांगितल्या. मी लिहिल्या. कोणत्या हाताने हे सांगायला नको. आत्याने माइक ओढून घेतला आणि म्हणाली, "हे अक्षर बघा. हा हात मी घडवला." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बोरू टेबलावर ठेवला.

नंतर चहाला आम्हाला शिक्षकांच्या खोलीत बसवलं. दोघीच होतो. मी विचारलं, "आत्या, पाचवीच्या पेपरातलं ते अक्षर तू ओळखलं होतंस ना?"

कोणता पेपर असं तिने विचारलं नाही. बिस्कीट चहात बुडवलं आणि म्हणाली, "ओळखलं होतं."

"मग?"

"अख्ख्या शाळेचे हात मी वळवले. घरातल्याच मुलीचा वळवता आला नाही, हे बडी बहनजीसमोर सांगू?" तिने दुसरं बिस्कीट उचललं. "आणि चांगलं होतं गं ते. वाईट असतं तर मी हो म्हटलं असतं."

"माझं वर्ष गेलं त्यात. शाळा गेली. आई आणि नाना शेवटपर्यंत नीट बोलले नाहीत एकमेकांशी."

"एक वर्ष," आत्या म्हणाली. "तुला नंतर काय कमी पडलं?"

मी कप खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या पाया न पडता निघाले. देवासच्या बसमध्ये शेजारच्या बाईंनी मला पाणी दिलं, म्हणजे माझं तोंड कसं झालं असेल ते समजावं.

यंदा संक्रांतीनंतर आत्या गेली. मी गेले होते. जायचं नाही असं मनात आलं नाही. आमच्याकडे गेलेल्या माणसाची सूचना कागदावर लिहून चौकातल्या पाटीवर लावतात, त्यासाठी सुधीर एक पांढरा कागद आणि जाड पेन घेऊन माझ्यापुढे आला. "ताई, तू लिही. तुझ्यासारखं अक्षर कुणाचं आहे?"

"मी नाही लिहिणार."

"अगं, तिनेच शिकवलंय तुला."

"मी नाही लिहिणार, सुधीर."

त्याने जास्त विचारलं नाही. त्याच्या मुलाने मोबाइलवर मजकूर टाइप केला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणला. सुधीरने कागद माझ्यापुढे धरला. मुलाचं शिक्षण हिंदीत झालेलं, त्याचा काय दोष? चार ओळींत तीन चुका होत्या. 'शिक्षिका' या शब्दात दुसरी वेलांटी दीर्घ होती, 'सुलेखन' मधला सु दीर्घ होता आणि तिच्या नावात एक काना जास्त पडला होता.

"बरोबर आहे ना, ताई?" सुधीरने विचारलं.

माझ्या पर्समध्ये पेन होतं.

"लाव," मी म्हटलं.